किरकोळ मजकूर

पोलिसाला ‘मामा’ म्हणण्याची चाल आपल्याकडे कधी आणि कशी पडली, हे मला ठाऊक नाही. मराठी शिकवण्याचा पगार घेत असूनही ठाऊक नाही, हे आधीच कबूल करून टाकलेले बरे. माझ्यापुरता मात्र तो शब्द अगदी सरळ अर्थाने खरा होता. माझे मामा पोलीस होते. सातारा जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी मे महिन्याच्या सुटीत मी जाई, तेव्हा चिंचेखाली पत्ते कुटणारी पोरे ‘मामा आले रे!’ म्हणत पळत सुटत, आणि मी तेच शब्द ओरडत उलट दिशेने धावत जाई.

घरात सगळे त्यांना नाना म्हणत. मी नानामामा म्हणे. २०१७ च्या आषाढात ते गेले. त्यांच्याविषयी काही लिहावे असे मनात पुष्कळदा आले. पण ज्या माणसाने एका बैठकीत कधी पुरती शंभर वाक्ये उच्चारली नाहीत, त्याच्यावर दिवाळी अंकाची पाने भरायची कशी? मी बोलण्यावर पोट भरणारी बाई. तासाला पंचेचाळीस मिनिटे बोलावे आणि घंटा झाल्यावरही दोन वाक्ये अधिक बोलावीत, असा माझा धंदा. मामा कोणत्याही प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत, आणि अर्ध्या शब्दात भागत असेल तर उरलेला अर्धा शिलकीत टाकत.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणाच्या बातम्या येत होत्या, तेव्हा मामा वीस वर्षांचे होते. आमचे आजोळ आपशिंग्यापासून फार लांब नाही. आपशिंगे म्हणजे ज्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे ते गाव. त्या मुलखात मुलगा भरतीला निघाला तर आई चार दशम्या बांधून देते आणि पुन्हा चुलीकडे वळते. मामा मॅट्रिक झालेले आणि कानाने तिखट, म्हणून त्यांना सिग्नल कोअरमध्ये घेतले आणि जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवले. लष्कराचा निरोप इकडून तिकडे पोचवणारे हे दल १९११ साली उभे राहिले. ‘तीव्र चौकस’ हे त्याचे ब्रीद. मला हे ब्रीद व्याकरणाच्या दृष्टीने नेहमीच जरा खटकत आले आहे. मामांना मी एकदा तसे म्हटलेही. ते म्हणाले, “काम होतं ना त्यानं?”

जबलपुरात त्यांनी मोर्स शिकला. मोर्सची लिपी पुस्तकात पाहिली म्हणजे ठिपके आणि रेघा दिसतात. पण ती डोळ्यांनी शिकायची नसते, कानांनी शिकायची असते. प्रत्येक अक्षराची एक चाल असते, लहानसा ठेकाच म्हणा ना. तबलजी बोल मोजत बसत नाही, तसा चांगला तारवाला ठिपके मोजत नाही. त्याला अक्षरे ऐकू येतात. मुरल्यावर शब्दच्या शब्द ऐकू येतात. आणि आणखी गंमत अशी, की प्रत्येकाची कळ दाबण्याची लकब वेगळी असते. पलीकडे कोण बसला आहे हे नाव सांगण्याआधीच कळते. “हात ओळखू येतो,” मामा म्हणत. ही गोष्ट मला फार आवडली होती. निबंधाच्या वह्या तपासताना अक्षर झाकले तरी वाक्यावरून मुलगी ओळखू येते, तसेच ते.

पासष्टचे युद्ध त्यांनी पाहिले आणि एकाहत्तरचेही. ‘पाहिले’ हा शब्द चुकलाच. मी दहा-बारा वर्षांची असताना एका दुपारी त्यांच्या मागे लागले होते, “मामा, तुम्ही लढाईत काय केलंत?” माझी अपेक्षा रणगाड्यांची होती. मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “ऐकलं.” पुढे केव्हातरी, मी कॉलेजात असताना, एवढी भर पडली: चढाईच्या आधी सगळे बिनतारी संच चालू असतात, पण कोणी कळ दाबायची नसते. आपण बोललो की आपला ठावठिकाणा शत्रूला लागतो. तासन् तास कानाला हेडफोन लावून बसायचे आणि आपल्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी गप्प राहायचे. “ते सगळ्यांत अवघड,” मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेले ते बहुधा सर्वांत लांब युद्धवर्णन असावे.

पंधरा वर्षांची नोकरी करून १९७७ मध्ये ते घरी आले आणि पुढच्या वर्षी पोलिसात शिपाई म्हणून लागले. पोलिसांचाही बिनतारी विभाग असतो. तिथे त्यांना घेतले असते तर सोने झाले असते. पण ज्याला जे येते ते त्याला करू द्यायचे नाही, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. मामा ठाण्यात लागले आणि २००० साली सहायक फौजदार म्हणून ठाण्यातूनच निवृत्त झाले. बाजारचा बंदोबस्त, यात्रेचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त, उसाच्या बांधावरून फुटलेली डोकी. तक्रार घेऊन कोणी आला की मामा त्याला बसवत, पाणी देत आणि सगळे ऐकून घेत. मधे एक अक्षर बोलत नसत. तो थांबला की म्हणत, “आता परत सांगा.” दुसऱ्या खेपेला मीठमसाला निम्मा गळून पडे. मग मामा लिहायला घेत. घडले त्याहून एक ओळ कमी नाही आणि एक ओळ जास्त नाही. या सवयीमुळे गावातल्या पुढाऱ्यांना ते फारसे आवडत नसत. या सवयीनेच पुढे घरही फोडले. पण ते नंतर.

बिनतारीचा छंद त्यांनी पोलिसात लागल्यानंतर काही वर्षांनी घेतला. रेडिओ ऐकायला आपल्या सर्वांनाच येते. पण स्वतःचे लहानसे प्रक्षेपण केंद्र घरी उभारून जगातल्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचे, याला सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. अशा माणसांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. राजीव गांधी हॅम होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘व्हीयू टू आर जी’ ही त्यांची खूण. आपल्या देशातल्या बहुतेकांची खूण ‘व्हीयू टू’ने सुरू होते आणि पुढे ज्याची त्याची दोन-तीन अक्षरे. मामा मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आले. मिनिटाला बारा शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यावा लागे. लष्करात याच्या जवळजवळ दुप्पट वेगाची सवय. “कसा गेला पेपर?” मामीने विचारले. मामा म्हणाले, “मधेमधे पेन्सिलीला टोक करून घेतलं.”

तेव्हा परवान्याआधी अर्जदाराची पोलीस चौकशी होई. कागद दिल्लीहून निघाला, मुंबई-सातारा करीत तालुक्याला आला आणि मामांच्याच ठाण्यात, मामांच्याच टेबलावर येऊन पडला. सदर इसमाची वर्तणूक कशी आहे, त्याच्यापासून देशाला काही धोका आहे काय? मामांनी तो कागद दोन बोटांत धरून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाले, “हे माझ्याकडं नको. दुसऱ्या कुणाकडून चौकशी करवा.” शेजारच्या टेबलावरचा हवालदार महिनाभर गावात मामांविषयी चौकशी करीत फिरत होता, आणि लोकांना वाटले नानांवर बालंट आले!

पुण्याला आमच्याकडे आले की तपकीर गल्लीत एक फेरी ठरलेली. जुने व्हॉल्व्ह, तारांची वेटोळी, काय काय पिशवीत भरून नेत. घराच्या पत्र्यावर बांबू उभा करून त्यांनी सहासष्ट फुटांची तार दोन्ही बाजूंना उतरती बांधली होती. चाळीस मीटरच्या लहरींना एवढीच लांबी लागते. मामीला मात्र ती तार म्हणजे देवाने धाडलेली वलणी वाटली. पहिल्याच आठवड्यात तिने तिच्यावर नऊवारी वाळत घातली, आणि मामांची खोली सोडून धावत येण्याची जी एक ऐतिहासिक घटना घडली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या तारेच्या टोकांशी संच चालू असताना चांगलाच भाजका चटका बसू शकतो. “अगं, जळशील!” मामा ओरडले. मामी पुढे कित्येक वर्षे सांगत असे, की लग्न झाल्यापासून ह्यांनी माझी काळजी केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

संध्याकाळी जेवणाआधी मामा त्या खोलीत बसत. बाहेर कडकट्ट, कडकट्ट असा कळीचा आवाज येई. मी दाराशी बसून विचारी, “कोण होतं?” “जपान.” “काय म्हणाला?” “पाऊस आहे.” दुसऱ्या दिवशी, “कोण?” “रशिया.” “काय म्हणाला?” “बर्फ आहे.” मला हसू येई. सात समुद्र ओलांडून एवढा खटाटोप करायचा, आणि विचारायचे काय, तर पाऊस आहे का!

या माझ्या हसण्यावर मामांनी एकदा मला नियमांचे पुस्तक काढून दाखवले. हौशी बिनतारीच्या जुन्या नियमांत एक मोठे मजेदार कलम होते. हॅम मंडळींनी आपल्या संचाविषयी, प्रयोगांविषयी बोलावे. आणि खाजगी बोलायचेच झाले तर ते इतके किरकोळ असावे, की त्यासाठी तारखात्याची सेवा वापरणे परवडू नये. म्हणजे महत्त्वाचे असेल तर पैसे भरून तार करा. फुकट बोलायचे तर बिनमहत्त्वाचेच बोला. साऱ्या जगाच्या सरकारांनी एकत्र बसून बिनमहत्त्वाच्या बोलण्याला दिलेले ते संरक्षण मला तरी फार काव्यमय वाटले. त्याच पुस्तकात दुसरेही एक कलम होते, आणि ते अजिबात काव्यमय नव्हते: तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही. तुम्ही आणि पलीकडचा, दोघांनी आपापसात बोला. पण अमक्याला माझे एवढे सांगा, असे म्हणायचे नाही. सवलत फक्त भूकंप-महापुरासारख्या आपत्तीत.

त्यांची नियमाची ओढ कुठवर जाई, याची एक आठवण सांगते. बी.ए.ला असताना मी उषा मेहतांवर एक निबंध लिहीत होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत या मुलीने आणि तिच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, रोज जागा बदलत पोलिसांना तीन महिने झुलवले आणि १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. मी मोठ्या आवेशाने मामांना वाचून दाखवले. मामांचा पहिला प्रश्न, “किती मीटरवर?” मी कागद पाहून म्हटले, “४२.३४.” मामांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे आमच्या पट्ट्यात!” मग जरा वेळाने, “लायसन?” मी म्हटले, “मामा, इंग्रज देणार होता का लायसन?” “नाही, ते खरंच,” मामा म्हणाले, आणि आणखी बऱ्याच वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, “लॉग लिहीत असतील का?”

लॉग म्हणजे नोंदवही. हॅमने केलेल्या प्रत्येक प्रक्षेपणाची तारीख, वेळ, लहर आणि पलीकडच्याची खूण तीत लिहावी लागते. ठाण्याच्या दैनंदिनीसारखीच. मामांच्या आयुष्यात या दोनच वाङ्मयप्रकारांना स्थान होते.

आता घर फुटल्याची गोष्ट. १९९४ सालची. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तेव्हा नुकता इंजिनिअर झालेला. एका संध्याकाळी मोटारसायकल जोरात नेताना त्याने सायकलवरच्या एका दूधवाल्याला उडवले. म्हाताऱ्याचा मांडीचा सांधा मोडला. दादा पळून गेला नाही. त्यानेच त्याला दवाखान्यात पोचवले. दूधवाल्याची माणसे नानांना मानणारी. ती म्हणाली, दवाखान्याचा खर्च द्या, तक्रार कशाला? साहेब म्हणाले, नाना, मिटवा. मामांनी खर्च दिला. पण मिटवले नाही. ते दादाला घेऊन स्वतः ठाण्यात गेले, फिर्याद नोंदवायला लावली आणि तपास दुसऱ्याकडे द्यावा अशी लेखी विनंती केली. परवान्याचा कागद दोन बोटांत धरून नेला होता ना, अगदी तसेच.

खटला चार वर्षे रेंगाळला. फौजदारी खटला चालू असला म्हणजे पासपोर्ट सहजासहजी मिळत नाही. दादाला आखाती देशात एक चांगली नोकरी चालून आली होती, ती गेली. ठरत आलेले लग्नही फिसकटले. शेवटी दंड भरून खटला संपला. १९९९ मध्ये दादा ऑस्ट्रेलियात पर्थला एका खाणकंपनीत गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि बापाकडे न पाहता गाडीत बसला. दर रविवारी रात्री त्याचा फोन येई. मामांनी उचलला तर तो काही न बोलता ठेवून देई आणि पाच मिनिटांनी पुन्हा करी. पुढे पुढे मामांनी रविवारी फोनजवळ बसणेच सोडले.

माझे मन दादाच्या बाजूचे होते, हे लपवून काय उपयोग? आम्ही दोघे एका ताटात जेवून वाढलेलो. २००० च्या दिवाळीत, मामा निवृत्त झाल्यावर, मी त्यांना जे बोलले ते मला आजही जसेच्या तसे आठवते. “सात हजार किलोमीटरवरच्या परक्या माणसांशी तुम्हाला रोज बोलता येतं, मामा, आणि पोटच्या पोराशी नाही!” मामी हातातली चकलीची पुरणी तशीच धरून उभी राहिली. मामा म्हणाले, “तिकडचे नियम सोपे आहेत.” एवढेच. आणि उठून खोलीत गेले. मला तो उद्धटपणा वाटला. वर्षभर मी तिकडे फिरकले नाही.

त्या वर्षात, २००१ च्या २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊच्या सुमारास, भूजचा भूकंप झाला. टेलिफोन केंद्रे कोसळली, कच्छ जगापासून तुटले. ठिकठिकाणचे हॅम आपापले संच घेऊन तिकडे गेले, त्यांत मामाही होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पण १९९३ मध्ये किल्लारी त्यांनी पाहिली होती. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून पोलीस रात्री पाय मोकळे करतात न करतात तोच पहाटे लातूरकडची जमीन हलली होती, आणि दोन दिवसांनी मामांची तिकडे रवानगी झाली होती. ढिगाऱ्यांशेजारी बसलेली माणसे भाकरी मागत नाहीत, पुण्या-मुंबईतल्या मुलाला कळवा म्हणतात, हे त्यांनी तिथे पाहिले. भूजला त्यांनी मोटारीच्या बॅटरीवर संच चालवला आणि दिवसरात्र निरोप पाठवले. इथे तिसऱ्या माणसाच्या निरोपाला मुभा होती. निरोप बहुतेक एकाच मासल्याचे: आम्ही सुखरूप आहोत, घर पडले, काळजी करू नकोस, येऊ नकोस, रस्ते बंद आहेत. किती पाठवले हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. “आकडा वहीत आहे,” म्हणाले. ती वही पाहायची मला तेव्हा बुद्धी झाली नाही.

नंतरची वर्षे झटकन गेली. दादाने तिकडेच लग्न केले. दोनदा येऊन गेला. बाप-लेक समोरासमोर बसत. “प्रवास बरा झाला?” “झाला.” मग मामा पेपर उचलत. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली, तेव्हा मी फोनवर मामांना म्हटले, “संपली की हो तुमची तार!” ते म्हणाले, “आता सगळाच मजकूर किरकोळ.” मला वाटले, म्हाताऱ्याला विनोद सुचू लागला.

ते गेल्यावर दादा तिसऱ्या दिवशी पोचला. तेराव्यानंतर मामीने आम्हा दोघांना ती खोली आवरायला सांगितली. हॅम लोक आपल्यातला कोणी गेला की तो मेला असे म्हणत नाहीत. त्याची कळ मुकी झाली असे म्हणतात. कळ टेबलावर होती, पितळी, अंगठ्याजवळ झिजलेली. भिंतीवर देशोदेशींची कार्डे. आणि कपाटात ओळीने नोंदवह्या, पाठीवर सालाच्या चिठ्ठ्या लावलेल्या.

मी सहज १९९९ ची काढली. खुणा इंग्रजीत आणि शेऱ्याच्या रकान्यात मामांचे ठाण्यातले मराठी अक्षर. ऑगस्टपर्यंत जपान, रशिया, इटली, श्रीलंका असे काय काय होते. दादा सप्टेंबरात गेला. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी एकच गोष्ट: ‘व्हीके सिक्स’ने सुरू होणाऱ्या खुणा. ‘व्हीके’ म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि ‘सिक्स’ म्हणजे तिचा पश्चिम भाग, हे भिंतीवरच्या कार्डांनीच मला सांगितले. शेरे असे: ‘पर्थ. ३९ अंश. आकाश निरभ्र.’ ‘पर्थ. थंडी सुरू. पाऊस.’ ‘पर्थ. ४१ अंश. दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो, त्यास तेथे डॉक्टर म्हणतात.’ पानेच्या पाने हेच. सूर्यावरच्या डागांचे चक्र अकरा वर्षांचे असते. डाग कमी झाले की लांबच्या लहरी नीट पोचत नाहीत. २००८ आणि २००९ ही तशी वाईट वर्षे. त्या वह्यांत रविवारमागून रविवार एवढेच आहे: ‘पर्थ बोलावले. उत्तर नाही.’ ‘उत्तर नाही.’ ‘उत्तर नाही.’

मामी दारात उभी होती. मी विचारले, “तुम्हाला ठाऊक होतं?” ती म्हणाली, “ठाऊक नसायला काय झालं? आयतवारी जेवताना म्हणायचे, तिकडं ऊन फार आहे. एवढंच. मग रात्री ह्याचा फोन आला की मी सांगायची, बाबा, टोपी घालून जा.”

दादा म्हणाला, “मला वाटायचं तू टीव्हीवर बघतेस.”

तो २०१० ची वही चाळू लागला, आणि मार्चच्या एका पानावर थांबला. त्या पानावरची नोंद रविवारची नव्हती. २२ मार्च २०१०, सोमवार. त्या दिवशी दुपारी पर्थवर गारपिटीचे भयंकर वादळ आले होते. मामांना ते संध्याकाळी रेडिओ ऑस्ट्रेलियावर कळले असणार. तो लघुलहरींवर लागे, पुढे २०१७ च्या जानेवारीअखेर तो बंद झाला. मामांच्या घरी फोन होता, पण परदेशी फोन करण्याची सोय त्यांनी खर्चापायी कधी घेतलीच नव्हती. त्या दिवशी वहीत एकामागून एक बारा नोंदी होत्या. ‘पर्थ बोलावले. उत्तर नाही.’ तेरावी नोंद ग्रीनिचच्या घड्याळाने १४ वाजून १० मिनिटांची, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात चाळीस आणि पर्थला रात्रीचे दहा वाजून गेलेले. ती मी दादाच्या खांद्यावरून वाचली:

‘पर्थ. मोठ्या गारा. काचा फुटल्या. वीज गेलेली. सदर इसमास आमचे मुलाचा फोन नंबर दिला व सुखरूप आहे काय एवढे विचारावे अशी विनंती केली. सदर विनंती नियमात बसत नाही. चूक माझी. नोंद करीत आहे.’

आणि खाली, वीस मिनिटांनंतरची वेळ घालून: ‘सुखरूप. गाडीची काच फुटली आहे.’

दादा ते पान उघडे धरून बराच वेळ उभा होता. मग टेबलाजवळच्या स्टुलावर बसला.

“आला होता फोन,” तो म्हणाला. “रात्री. कुणी म्हातारा होता. बरा आहेस का, काही लागलं नाही ना, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बरा आहे, गाडीची काच गेली. तो म्हणाला, ठीक, आणि ठेवून दिला.” दादाने वही मिटली आणि पुन्हा उघडली. “मला वाटलं, विम्याचा माणूस असेल.”